घरटं की गणपती? सोसायटीच्या बागा सांभाळणाऱ्या माळ्याचा पेच

खुरपेवाला

नमस्कार मंडळी. तीनचार वर्षं इथे नुसता वाचतोय, बागकामाच्या धाग्यांवर कधीतरी दोन ओळी टाकतो. स्वतः धागा पहिल्यांदाच काढतोय.

पुण्याच्या पश्चिम भागातल्या आठ सोसायट्या आणि तीन बंगल्यांच्या बागा माझ्याकडे वर्षाच्या कंत्राटावर आहेत. वडील रोपवाटिकेत कामाला होते, त्यामुळे लहानपणापासून हात मातीतच. सहा माणसं, एक छोटा हत्ती, दोन ब्रश कटर आणि एक हेज ट्रिमर एवढा पसारा.

परवा एका सोसायटीत मोरपंखीची रांग छाटत होतो. गणपती दोन आठवड्यांवर, सेक्रेटरींचा रोज मेसेज, 'स्वागताच्या कमानीपर्यंत सगळं एका लाइनीत दिसलं पाहिजे'. पोरगा ट्रिमर चालवत होता, मी मागून कचरा गोळा करत होतो. गवताचा एक गोळा पायाशी पडला. पहिल्यांदा वाटलं वाळका कचरा. उचलला तर हाताला ऊब लागली. ठिपकेवाल्या मुनियेचं घरटं. आत पाच पिल्लं होती, दोन कापली गेली होती. उरलेली तीन घरट्यासकट परत फांदीत खोचून ठेवली, पण त्या जागी आता आडोसाच उरला नव्हता. संध्याकाळपर्यंत कावळ्याने काम उरकलं.

पोरगा जेवला नाही त्या दिवशी. मी जेवलो, पण ते जाऊ दे.

आमच्या कंत्राटात लिहिलंय, 'कुंपणछाटणी दर पंधरा दिवसांनी'. बुलबुलाचं अंड्यापासून पिल्लू उडेपर्यंत साधारण पंचवीस-सत्तावीस दिवस जातात. शिंपी पक्ष्याचंही तेवढंच. म्हणजे मी ठरल्याप्रमाणे चोख काम केलं, तर कुंपणातलं एकही घरटं तडीस जाणार नाही हे गणितच आहे. बुलबुल-शिंपी फेब्रुवारीपासून पावसाळ्यापर्यंत, मुनिया पावसात, शिंजीर तर जवळजवळ वर्षभर. 'विणीच्या हंगामात छाटू नका' असं सगळे सांगतात, पण मग छाटायचं कधी? आणि सहा माणसांचा पगार?

इथे पक्षीवाले आहेत, सोसायट्यांचे पदाधिकारी आहेत, माझ्यासारखे दोनचार माळीही असतील. तुम्ही काय करता?

---

पाचोळा

वाईट वाटलं वाचून. पण स्पष्ट बोलतो. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये 'शिकार' या शब्दाची व्याख्या बघा. रानपक्ष्यांची अंडी फोडणं, घरटी विस्कटणं हेही त्यात येतं. 2022 साली केरळात मलप्पुरमला महामार्गासाठी झाड पाडलं, पाणकावळ्यांची पिल्लं रस्त्यावर पडली, तेव्हा गुन्हे दाखल झाले होते. 'गणपती होते' हे कारण तिथे चालत नाही.

---

खुरपेवाला

मान्य, कायदा माहीत आहे. वृक्ष प्राधिकरणाचा 1975 चा कायदाही माहीत आहे, फांदी तोडायला परवानगीसाठी खेटे मीच घालतो. पण ट्रिमर चालू असताना समोरच्या पानांत काय आहे ते दिसत नाही, आवाजाने ऐकूही येत नाही. मला कलम नकोय, कामाची पद्धत हवीय.

---

नाइलाजाने_सेक्रेटरी

आता आमची बाजू. (टोपणनाव बघून ओळखलंच असेल.)

खुरपेवाले, तुमच्यासारखा माळी आम्हाला मिळाला तर मी पेढे वाटीन, पण मला दोनशे फ्लॅटवाल्यांना उत्तर द्यायचं असतं. गेल्या वर्षी बोगनवेलीखाली घोणस निघाली, लहान मुलांच्या घसरगुंडीपासून दहा पावलांवर. त्या रात्री ग्रुपवर 340 मेसेज. 'बाग जंगल झालीय', 'माळ्याला काढा', 'पैसे कशाचे घेतात'. त्याच लोकांनी महिनाभर आधी चिमण्या वाचवायच्या म्हणून पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या. मग डेंग्यूचे रुग्ण निघाले, महापालिकेच्या माणसाला त्याच वाट्यांत अळ्या सापडल्या, नोटीस आली सोसायटीच्या नावाने. वाट्या ठेवणाऱ्या काकू त्या दिवशी गावाला.

कुंपण वाढलं की दिसणारा पसारा आणि न दिसणारी भीती, दोन्ही माझ्या डोक्यावर. मुनियेचं वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण सभेत मुनियेला मत नसतं.

---

गोदाकाठचा_सर्पमित्र

सेक्रेटरीसाहेब, घोणशीवर बोलतो, कारण बागेतले निम्मे वाद तिथूनच सुरू होतात.

नाशिकमध्ये पंधरा वर्षं साप पकडतोय. सोसायट्यांतून येणाऱ्या कॉलपैकी बहुतेक वेळा निघते धामण नाहीतर दिवड, दोन्ही बिनविषारी. पण घोणस निघते हेही खरं, आणि पावसाच्या तोंडाशी जास्त, कारण ती अंडी घालत नाही, पिल्लंच देते, तीही एकदम वीस-तीस. जून-जुलैत बागेत वीतभर घोणशी दिसतात त्या अशा. पिल्लाचा दंशही हलका समजू नका.

पण ती हिरवळ वाढली म्हणून आली नाही, उंदीर होते म्हणून आली. तुमच्या बोगनवेलीजवळ काय होतं ते आठवा. माझा अंदाज, उरलेल्या फरशा, विटा, पाइप, नाहीतर कुणीतरी कबुतरांना टाकलेले दाणे. दाण्याला उंदीर, उंदरामागे साप. कुंपण बुंध्यापासून वीतभर उंच मोकळं ठेवा, म्हणजे खालून आरपार दिसलं पाहिजे. वर कितीही दाट असू द्या. पक्ष्याला घरटं वर लागतं, सापाला आडोसा खाली लागतो. दोघांची जागा एक नाही. खेळायच्या जागेभोवती दहा-पंधरा फूट गवत बारीक ठेवा, बाकी बागेत कोपऱ्यात वाढू द्या.

आणि ते कार्बोलिक अ‍ॅसिड, फिनेल, लसूण यांवरचे पैसे वाचवा. साप त्यावरून सरळ निघून जातो, मी बघितलंय.

खुरपेवाले, तुमच्या माणसांना गमबूट देता का? ब्रश कटर चालवणारा पोरगा स्लीपरवर दिसला की मला सापाआधी तुमचाच राग येतो.

---

खुरपेवाला

गमबूट आहेत. घालत नाहीत, उन्हात पाय उकडतात म्हणतात. पावसाळ्यात मात्र मी सक्ती करतो. बुंध्याजवळ वीतभर मोकळं ठेवायची युक्ती एकदम पटली. हे मला सेक्रेटरींना दाखवता येईल असं काम आहे, 'स्वच्छ' दिसतं.

---

खारवी_आजी

आमच्या दापोलीकडे कुंपण म्हणजे दगडांचा गडगा आणि त्यावर निवडुंग. कोण छाटतंय! भारद्वाज तिथेच, मुंगूस तिथेच, आणि आमचे हे पण संध्याकाळी तिथेच. तुम्हा पुण्याच्या लोकांना सगळं टोकदार पेन्सिलीसारखं लागतं.

---

नाइलाजाने_सेक्रेटरी

आजी, 😀 आमच्याकडे गडगा बांधायला पार्किंग कमिटीची परवानगी लागेल.

---

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये हाच धंदा करतो, अकरा वर्षं झाली. मूळचा साताऱ्याचा. इथेही हाच तंटा आहे हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल.

इथे 1981 च्या कायद्याने वापरातलं घरटं जाणूनबुजून मोडणं गुन्हा आहे. मार्च ते ऑगस्ट कुंपण छाटू नका असं पक्षीसंस्था सांगतात. इंग्लंडात शेताच्या कुंपणांना तर 1 मार्च ते 31 ऑगस्ट ही बंदी 2024 पासून नियमातच आली. घरांच्या बागांना ती तारीख लागू नाही, तिथे माळ्याने डोळे उघडे ठेवायचे. गिऱ्हाईक म्हणतं, जूनमध्ये घरी लग्न आहे, कुंपण कापा. मी नाही म्हटलं तर पलीकडचा कापतो. सुरुवातीला दोन गिऱ्हाइकं घालवली मी. आता काम घेतानाच सांगतो, या काळात बघून कापेन, घरटं असेल तर तेवढा भाग सोडेन. आधी सांगितलं की लोक ऐकतात. ऐनवेळी सांगितलं की त्यांना ती कामचुकारी वाटते. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे.

मशीनचं म्हणाल तर इथे स्ट्रिमरने, म्हणजे दोरीवाल्या गवतकापणी मशीनने, साळू जखमी होतात. भारतातल्या साळिंदराएवढे नव्हेत, ओंजळीत मावणारे काटेरी गोळे. धोका वाटला की पळत नाहीत, जागच्या जागी गुंडाळी करून बसतात, आणि दोरी त्यांच्यावरून फिरते. म्हणून मी आधी काठीने गवत हलवत चालतो, मग पहिला हात उंचावरून मारतो, दुसरा खाली. वेळ जातो. बिलात धरतो.

---

खुरपेवाला

आमच्याकडे त्या साळूंच्या जागी बेडूक आणि सापसुरळ्या. पावसाळ्यात हिरवळ कापली की चाकावर काय काय चिकटतं ते जेवताना आठवू नये. काठीचं करून बघतो.

'आधी सांगितलं की लोक ऐकतात'. हे वाचून जरा गप्प बसलो. मी दर वेळी ऐनवेळीच सांगतो.

---

मृदगंध

कृषी पदवीधर आहे, कीटकनाशकांच्या दुकानात सहा वर्षं काढली. छाटणीचं बोलून झालं असेल तर फवारणीचं काढू का? कापण्यापेक्षा औषधाने जास्त जातं, फक्त पायाशी पडत नाही म्हणून कळत नाही.

पुण्या-मुंबईतले कितीतरी माळी अजून कुंड्यांत 'थायमेट' टाकतात, सापाला आणि हुमणीला म्हणून. ते फोरेट. 31 डिसेंबर 2020 पासून देशात त्यावर बंदी आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत मिळतं म्हणून ते चालतं असं नाही. ते दाणे मातीवर पडले, पक्ष्याने खडा म्हणून टिपले की संपलं. माणसालाही ते तितकंच वाईट, हातमोजे न घालता टाकणारे मी पाहिलेत.

उंदरांच्या गोळ्यांचंही तेच. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, चारपाच दिवस गुंगीत हिंडतो. गव्हाणी घुबडाला असा सुस्त उंदीर म्हणजे मेजवानी. विष घुबडात. उंदरांवर फुकट काम करणारा एकमेव कामगार आपण असा मारतो. पिंजरा लावा, कचऱ्याची झाकणं लावा.

आणि जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाला सकाळी नऊला इमिडाक्लोप्रिड मारू नका. फुलं उघडी असताना मधमाश्या तिथेच असतात. साबणाचं पाणी, नळीचा जोरदार फवारा, फार झाली असेल तर फांदीच कापा.

---

मनीमाऊ

मोहोळाचं काय? आमच्या कामिनीच्या झुडपात हातभर उंचीवर पंज्याएवढं एकच पोळं होतं. पेस्ट कंट्रोलवाला आला, जाळलं. नंतर कळलं त्या फुलोरी मधमाश्या होत्या. कुणाला चावल्याही नव्हत्या.

---

पाचोळा

फुलोरी फार सौम्य. काही आठवड्यांनी, फार तर काही महिन्यांनी पोळं सोडून स्वतःच निघून जाते. आग्या मोहोळाची गोष्ट वेगळी, पाचव्या मजल्याच्या सज्जाखालचं आग्या कुणी खोडसाळपणे छेडलं तर माणूस दगावू शकतो. तिथे माहीतगार मधमाशीपालकाला बोलवावं. दोन्हींना एकच नियम लावायचा नाही.

खुरपेवाले, माझा पहिला प्रतिसाद जरा धारदार झाला. आता कामाचं सांगतो. छाटणीच्या आदल्या दिवशी सकाळी सात ते आठ या वेळात कुंपणाजवळ वीस मिनिटं नुसते उभे राहा, पंधरावीस फूट लांब. चोचीत अळी घेऊन पक्षी दोनदा एकाच जागी शिरला की तिथे घरटं आहे. पानं बाजूला करून शोधायची गरज नाही, आणि करूही नका. तुम्ही जिथे वाकून बघता ते वरून कावळा बघत असतो. खूणही घरट्यावर बांधायची नाही. रिबीन बांधली की सोसायटीतली सगळी पोरं मोबाइल घेऊन हजर. समोरच्या पेव्हर ब्लॉकवर खडूने रेघ मारा, ती फक्त तुमच्या माणसाला कळते.

---

नाइलाजाने_सेक्रेटरी

आणि घरट्यासाठी न कापता सोडलेला तो चारपाच फुटांचा वाढलेला भाग मी कमिटीला कसा समजावू? उंदराने कुरतडल्यासारखं दिसतं.

---

खुरपेवाला

साहेब, रविवारी सगळ्या माणसांना घेऊन बसलो होतो, त्यातून एक गोष्ट निघाली. कुंपणाच्या वरच्या पृष्ठभागावर घरटी जवळजवळ नसतात, ती कुशीत असतात, वरून हातभर खाली. म्हणजे पावसाळ्यात फक्त वरची ओळ हाताच्या कात्रीने सरळ ठेवली तरी लांबून कुंपण 'लाइनीत' दिसतं. बाजू वाढू द्यायच्या. जोराची छाटणी नोव्हेंबर ते जानेवारी. तेव्हा बाजूही घेता येतात.

झाडांचंही तसंच. दर मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची छाटणी म्हणून सगळे एकदम जागे होतात, आणि तेव्हाच कावळ्याची घरटी भरलेली असतात, त्यांतल्या काहींत कोकिळेची अंडी. परवानगीचा अर्ज दिवाळी झाली की लगेच टाकला तर काम डिसेंबर-जानेवारीत उरकतं. पानगळीच्या झाडांवर तेव्हा घरटं लांबूनही दिसतं. मे महिन्यात फक्त खरोखर धोक्याची फांदी राहते.

अडचण वेळेची आहे. मशीनने साठ मीटर कुंपण दोन तासांत होतं. हाताच्या कात्रीने दोन माणसांचा पूर्ण दिवस जातो. ते पैसे कोण देणार?

---

लेस्टरकर

पंधरा दिवसांऐवजी महिन्याने जा. फेऱ्या निम्म्या, प्रत्येक फेरीला वेळ दुप्पट. हिशोब पूर्ण जुळणार नाही, पण बराच खर्च त्यातून निघेल.

---

खुरपेवाला

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. इतकं सोपं होतं आणि मी चौदा वर्षं 'दर पंधरा दिवसांनी' हेच वाक्य कॉपी-पेस्ट करतोय.

---

लातूरची_काळी_माती

तुमचा धागा पक्ष्यांचा, पण गोगलगायींवर कुणी बोलेल का? 2022 ला आमच्या लातूर-बीडकडे सोयाबीनचं कोवळं पीक गोगलगायींनी फस्त केलं होतं. तिथे 'सगळे जीव सारखे' म्हणून चालत नाही. आता पुण्यात बहिणीच्या सोसायटीतही मोठ्या आफ्रिकन गोगलगायी झाल्यात, पावसात जिन्यावर चढतात.

---

मृदगंध

आफ्रिकन गोगलगाय आपली नाहीच, तिला मारण्यात अपराधी वाटून घेऊ नका. पण मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकू नका, कुत्री-मांजरी खातात. ब्रिटनने तर एप्रिल 2022 पासून त्या बाहेर वापरायला बंदी केली. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरा, त्याखाली पपईची किंवा कोबीची पानं टाका, सकाळी हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. हातमोजे विसरू नका, त्यांच्यात माणसाला बाधणारे कृमी असतात. मीठ जमिनीवर टाकायचं नाही, झाडं जातील.

---

खारवी_आजी

भारद्वाज असेल तर तोच खातो त्या. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो असं आमच्या सासूबाई म्हणत. त्याला लपायला दाट झुडूप लागतं बरं का, पेन्सिल नव्हे.

---

खुरपेवाला (तीन महिन्यांनी)

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहितो.

आठही सोसायट्यांना नव्या कंत्राटाचा मसुदा पाठवला. त्यात हे घातलं: 'जून ते ऑक्टोबर कुंपणाची वरची बाजू महिन्यातून एकदा हाताने छाटली जाईल. चालू घरटं आढळल्यास दोन्ही बाजूंनी चार फूट भाग वगळला जाईल आणि पिल्लं उडाल्यावर तो जादा पैसे न घेता छाटून दिला जाईल.' पाच सोसायट्यांनी काही न विचारता सही केली. मला वाटतं त्यांनी वाचलंच नाही. दोघांनी विचारलं, सांगितलं, मान्य केलं. एकाने काम काढून घेतलं. मुनियेवाली तीच सोसायटी. नवीन कंत्राटदार दर दहा दिवसांनी येतो म्हणे, काम छान करतो.

पाण्याच्या वाट्या आता माझी माणसं प्रत्येक फेरीला घासून भरतात, पण फेरी महिन्याची झाली, म्हणून मधल्या दिवसांत वॉचमनला दर तीन दिवसांनी पाणी ओतून टाकायला सांगितलंय. डासाच्या अळीला सात-आठ दिवस लागतात, तेवढे मिळू द्यायचे नाहीत. वॉचमनला महिन्याला तीनशे रुपये, माझ्या खिशातून. नाइलाजाने_सेक्रेटरी यांनी व्यनि (खासगी निरोप) करून पेढ्यांऐवजी निदान एवढा खर्च द्यायची तयारी दाखवली, धन्यवाद.

सप्टेंबरात एका बंगल्याच्या तगरीवर बोटाएवढ्या हिरव्या अळ्या आल्या, डोक्याजवळ निळे डोळे, मागे शेपटीसारखा काटा. कण्हेर पतंगाच्या. मालकीणबाई फोटो पाठवून ओरडत होत्या, औषध मारा म्हणून. मी म्हटलं, चावत नाहीत, दोन आठवडे थांबा. झाड पार खराट्यासारखं झालं. रोज फोन. दहाव्या दिवशी मीच डगमगलो, पंप भरून गाडीत ठेवला होता. गेलो तर अळ्या गायब, सगळ्या पाचोळ्यात कोषावर गेलेल्या. पंप भरलेला तसाच परत आणला आणि ते औषध कुठे ओतायचं हा नवा प्रश्न. मृदगंध, त्याचं सांगा काहीतरी.

तगर आता परत फुटलीय. बाईंनी मात्र त्या फांदीखालचा पाचोळा झाडून घेतला, मी पोचायच्या आधी.

---

मृदगंध

ओतू नका कुठेच, नाल्यात तर नाहीच. कालवलेलं औषध ज्या पिकासाठी आणि ज्या प्रमाणात लेबलवर सांगितलंय, तिथेच फवारून संपवतात. कुठलं औषध आहे आणि किती लिटर उरलंय ते आधी सांगा.

---

खुरपेवाला

सोळा लिटरचा पंप, काठोकाठ. नाव उद्या डबा बघून लिहितो, गाडी मावळात गेलीय.